खोडरबर बाई

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ अजून नीट कळत नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाला दाखवायची नाही. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांनी तर ही माफीसुद्धा खोडली असती. ‘वेडंवाकडं म्हणजे किती? वाचता येतं ना? मग पुढे चल.’

त्यांच्या चष्म्याच्या दोरीला कायम एक खोडरबर बांधलेलं असायचं. शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या बाई. नागावात आमच्या वाडीमागे त्यांच्या भावाचं घर रिकामं होतं, तिथे येऊन एकट्या राहिल्या. महिनाभरात गावाने नाव पाडलं, खोडरबर बाई. पोरं तोंडावर म्हणायची, मोठी माणसं पाठीमागे. मला सगळ्यांचा राग यायचा, पण बोलायची छाती नव्हती.

फुशारकीच्या शब्दांशी त्यांचं वैर होतं. कोळीण दारात यायची, ‘बाई, एकदम ताजी सुरमई हाय. लय मोठी!’

‘एकदम काढ. लय काढ. कल्ले दाखव.’

‘हिला मासली इकायची म्हंजे परीक्षाच हाय,’ असं कोळीण मला ऐकवायची. तरी पाटी पहिली उतरायची ती त्यांच्याच दारात.

आमच्या वाडीत पाहुण्यांना द्यायच्या दोन खोल्या आहेत. नवरा टेम्पो चालवतो, खोल्या मीच बघते. पाहुणे इंग्रजी बोलले की मी मुकी व्हायचे आणि हातानेच दाखवायचे, हा पंखा, हा नळ. बाईंनी ते कुंपणावरून पाहिलं. ‘उद्यापासून दुपारी येत जा. चादरी वाळत घातल्या की ये.’

त्यांची शिकवायची रीत एकच. ‘बोट ठेव. हा शब्द कुणाचा?’ मी दारावरच्या पाटीसाठी ‘क्लीन फूड रूम’ असं लिहून नेलं तर म्हणाल्या, ‘क्लीन कुणाचा? जेवणाचा की खोलीचा? मराठीत आपण चा-ची-चे लावून मोकळे होतो. इंग्रजीत शब्द ज्याच्या शेजारी बसला त्याचा झाला.’ ‘फक्त’ हा शब्द तर त्या मला भांड्यासारखा उचलून ठेवायला लावायच्या. फक्त मी चहा दिला. मी फक्त चहा दिला. मालक बदलला की गोष्ट बदलते, हे मी दोन वर्षं शिकले. त्या दोन वर्षांत एकदाही ‘छान’ म्हणाल्या नाहीत. त्याचा राग अजून आहे.

मग ते सहा पुरुष आले. दोन रात्री राहिले, बाथरूमचं दार मोडलं आणि घरी जाऊन तक्रार लिहिली. आमच्याकडे पाहुणे पाठवणाऱ्या मुंबईच्या बुकिंगवाल्याने मला न विचारता त्यांचे चौदा हजार त्यांना परत दिले आणि माझ्या पुढच्या बुकिंगमधून कापले. सीझनभराची माझी शिल्लक त्यात गेली. तक्रारीतलं ‘डर्टी रूम’, ‘स्टेल फिश’ मी वाचलं. तिसऱ्या ओळीतला ‘वुमन’च्या आधीचा शब्द मात्र लागला नाही. बाईंना दाखवला. म्हणाल्या, ‘अशिक्षित.’

मी त्याच दुपारी बुकिंगवाल्याला द्यायचं उत्तर लिहून नेलं. आधी मराठीत. बाईंनी खोडरबर उचललं.

‘बेवडे?’

‘बारा बाटल्या उचलल्या मी!’

‘मग बारा बाटल्या लिही. बेशरम?’

‘दार मोडून हसत होते, बाई!’

‘मोडलेलं दार लिही. ‘मोडलेलं’ हा शब्द राहील, त्याचा फोटो आहे. मासे कधी घेतलेस?’

‘सकाळी आठला. कोळणीकडून.’

‘तेच लिही. शिळे की ताजे, ते वाचणारा ठरवेल.’

शेवटी मी लिहिलं होतं, मी एक गरीब, अडाणी बाई आहे, दया करा. बाईंनी ते इतकं घासलं की कागद फाटला. ‘हे कुणी विचारलंय तुला?’

आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज चढला. ‘खरं हाय ते! चौथी शिकलेय मी! माझा राग खोडलात, आता मला पण खोडा!’

त्या फाटलेल्या जागेकडे बघत म्हणाल्या, ‘बोट ठेव. हा शब्द कुणाचा?’

मी कागद उचलला आणि निघून आले. घरी इंग्रजीत पुन्हा लिहिलं, अक्षर लावून लावून, आणि फोटो काढून बुकिंगवाल्याला पाठवला. ती शेवटची ओळ घातली नाही, ‘अडाणी’ हा शब्द त्या सहा जणांचा होता. पण रुसून आठ दिवस बाईंकडे गेले नाही. नवव्या दिवशी त्यांच्या दाराला कुलूप होतं. चक्कर आली म्हणून भाचा पुण्याला घेऊन गेला होता. कोळीण म्हणाली, ‘गाडी थांबवून तुझ्या दाराकडं बघत होती गो. हाक मारू का इचारलं, तर नको म्हनली. तुला काम असंल म्हनली.’

मला कसलं काम होतं? मी मागे बसून चादरींच्या घड्या करत होते. वीस पावलं. माझा राग असा की वीस पावलं चालले नाही, आणि त्यांचा ताठा असा की एक हाक मारली नाही. महिन्याने त्या गेल्याचा निरोप आला. कुणावर चिडू?

बुकिंगवाल्यावर चिडले. दर सोमवारी तोच कागद पाठवला, एक शब्द न वाढवता.

त्याचा फोन आला. ‘अहो ताई, किती वेळा तेच तेच?’

‘पैसे येईपर्यंत.’

मग सात हजार आले आणि खाली मेसेज, ‘फुल अमाउंट पेड.’ मी ‘फुल’वर बोट ठेवलं. उत्तर लिहिलं, ‘सात आहेत. फुल काढा.’

त्यानंतर तीन सोमवार गेले. परवा उरलेले सात आले. मेसेज तोच, ‘फुल अमाउंट पेड.’ नवऱ्याला पासबुक भरून आणायला लावलं, दोन्ही आकड्यांची बेरीज केली. चौदा हजार, पूर्ण. त्या शब्दावर पुन्हा बोट ठेवलं. या वेळी राहू दिला.