दामाजीची विडी आणि नायलॉनचं जाळं

कोपरीहून खाडीकडे जाताना भेंडीच्या झाडाखाली दामाजी कोळी बसलेला असायचा. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवलेली, हातात बांबूची सुई, ओठांत विडी. पन्नाशीचा माणूस. आसपासचे सगळे फाटलेली जाळी त्याच्यापुढे टाकून जात. दर्यापेक्षा भोकांशी त्याचं जास्त जमायचं. "मासा काय, कोनीपन धरील," तो म्हणायचा. "भोक धरायला शिका."

सुती जाळी होती तोवर विडीची ठिणगी पडली की दामाजी तळहाताने चापट मारी आणि पुढे विणत राही. नायलॉन आलं आणि घोटाळा झाला. ठिणगी पडताच धागा वितळून आक्रसायचा, टोकाला काळा मणी धरायचा, जाळ्याची शेजारची घरं ढिली पडायची. एक भोक शिवता शिवता दामाजी दुसरं पाडून ठेवी. त्याचा दोस्त महिपत होडीवरून ओरडे, "दाम्या, भोकं शिवतोस का पेरतोस?" यावर सगळ्यांत मोठ्याने दामाजीच हसायचा.

एक्क्याण्णव सालच्या पावसाळ्यात होड्या काठावर चढलेल्या असताना त्याच्या गालाला कालवण झोंबू लागलं. मालूने, त्याच्या बायकोने, बॅटरी मारून पाहिलं. ओठांच्या कोपऱ्याशी, गालाच्या आत, पांढरा डाग होता. घासला तरी जात नव्हता. ठाण्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता. पण पेशी बिघडायच्या वाटेला लागल्या होत्या. विडी चालूच राहिली, तर पुढचं सांगता येणार नाही, असं ते म्हणाले.

दवाखान्याच्या पायरीवरच दामाजीने विडी पेटवली. मालूने ती त्याच्या तोंडातून काढून गटारात टाकली.

"आमचा बापूस ऐंशी वर्सं जगला. विडी कधी सुटली नाय त्याची."

"आनि तुमचा काका?"

काका घशाच्या गाठीने गेला होता. शेवटी त्याला पेजसुद्धा उतरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची मुलगी मंजुळा झाडाखाली येऊन बसली. ती कॉलेजात बी.एस्सी. करत होती.

"बाबा, जाळ्याची नवी ओळ कशावरून घालतोस?"

"वरच्या ओळीवरून. आनि कशावरून घालनार?"

"वरच्या ओळीत गाठ चुकली असेल तर?"

"मंग खालपावत चुकत जाल. जाल्याला पोट सुटल."

"आपल्या प्रत्येक पेशीत असाच एक धागा असतो. डीएनए म्हणतात. पेशीने कधी वाढायचं, कधी थांबायचं, ते त्यात असतं. नवी पेशी जुनीवरून त्याची नक्कल घेते. विडीच्या धुरातली विषं त्या धाग्याला जाऊन चिकटतात. तुझ्या या काळ्या मण्यासारखी."

"मंग शरीर ते शिवत नाय काय गो?"

"शिवतं की. रोज शिवतं."

"मंग झालं तर!"

"शिवायच्या आधीच नक्कल निघाली तर? ती चूक पुढे जाते. एका चुकीने बहुतेक वेळा काही होत नाही. पण तू वर्षानुवर्षं ठिणग्या पाडतोयस. चुका साठत जातात, आणि कधीतरी 'थांब' सांगणाराच धागा जळतो. मग ती पेशी वाढतच सुटते. तोच कॅन्सर."

दामाजी बोटांत काळा मणी फिरवत राहिला. आपल्या आत, अंधारात, कुणी न सांगता कुणीतरी शिवत बसलेलं आहे, हे त्याला फार आवडलं. आणि वाईटही वाटलं.

"म्हंजे आतला शिवनारा मना शिव्या घालत असल."

"तुझ्याच भाषेत."

त्याने विड्यांचा कट्टा खाडीच्या चिखलात दाबला. पण रिकाम्या ओठांनी सुई चालेना. लवंग झोंबली, बडीशेप लगेच संपायची. अखेर मालूने डब्यातला सुका बोंबील काढून त्याच्या तोंडात खोचला. "घ्या, चघला."

बोंबील ओठांत बरोब्बर बसला. सुई पळू लागली. आणि कोळीवाड्यातली मांजरं येऊ लागली. दामाजी विणायचा, मांजरं वर तोंड करून रांगेत बसायची. एक पिल्लू जाळ्यात अडकलं, तेव्हा महिपत म्हणाला, "दाम्या, आता मांजरंच पकडतोस?"

नारळी पौर्णिमेला नाचता नाचता कुणीतरी दिलेली विडी त्याने ओढली. सकाळी मंजुळेसमोर येऊन उभा राहिला. "एक ठिनगी पडली गो. शिवून घेल काय?"

"घेईल. पण त्याला सवड दे."

त्यानंतर दामाजीने ती सवड दिली, पुन्हा विडी ओढली नाही. होळीच्या आधी डॉक्टरांनी गाल पाहिला. डाग पुसट होऊन आक्रसला होता. अजून अधूनमधून दाखवायला यायचं, काळजी संपली असं समजायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मालूने मान डोलावली आणि बाहेर येऊन पायरीवरच त्याला एक धपाटा घातला, आनंदाने.

संध्याकाळी दामाजीने महिपतसाठी विणलेलं नवं जाळं झाडाखाली पसरलं. कडेपासून कडेपर्यंत बोटं फिरवली. कुठेही मणी नव्हता. तेवढ्यात महिपत विडी ओढत आला.

"थितंच ऱ्हा! ती विजव, मंग ये."

"जालं माजं हाय ना रे?"

"शिवनारा मी हाय."

महिपतने हसत विडी पायाखाली चिरडली. दामाजीने कमरेला खोचलेला दुसरा बोंबील काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो तोंडात खोचला तशी निम्मी मांजरं उठून त्याच्याकडे गेली.