बिलकीसचे रंग

जव्हारच्या कुतुबुद्दीननं रंगीत स्लाइडची फिल्म लग्नाआधी एकदाच वापरली होती. पुढं स्टुडिओ काळ्या-पांढऱ्या फोटोंवरच चालला. गिऱ्हाइकाला रंग हवा असला, की बायको बिलकीस ब्रशनं भरून द्यायची. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर त्यानं मुंबईहून पुन्हा तशी फिल्म आणली, दाभोशाची भातशेती टिपली, खोडाळ्याचा बाजार टिपला आणि शेवटचा फोटो बिलकीसचा काढला.

स्लाइडा धुऊन आल्या. बिलकीस एकेक खिडकीच्या उजेडात धरून चुका काढत सुटली. "भाताला इतका हिरवा फासतात का? आणि या बाजारवालीच्या ओठांना लाली लावायची राहिलीच की!"

मग तिची स्वतःची स्लाइड हाती आली.

"अहो, माझ्या केसांना हा पांढरा कुणी लावला?"

"मीच," कुतुबुद्दीन म्हणाला. "बावीस वर्षं लावतोय."