शेळ्यांचं गणित आणि आईचा उपवास

मी शेळ्यांवर काम करते. शेळीने खाल्लेल्या चाऱ्यातली ऊर्जा कुठे कुठे जाते, याचं मॉडेल संगणकावर मांडायचं. लेंडीतून किती गेली, अंग गरम ठेवायला किती, हिंडण्याफिरण्यात किती, आणि उरलीच तर दुधाला किती. सुट्टीत गेवराईकडच्या आमच्या गावी लॅपटॉप उघडला की आई हसायची. "एवढी शिकलीस अन् लेंड्या मोजायलीस व्हय गं!"

मागच्या नवरात्रात मी त्या मॉडेलात शेळीच्या जागी आईला बसवलं, कारण मला भीती वाटत होती. तिला साखरेचा आजार, रोज सकाळी गोळी, आणि वर नऊ दिवसांचा कडक उपवास. पाणी आणि संध्याकाळी कपभर दूध, बस्स. शेतात जाणं, धुणं, सगळं सुरूच. मॉडेल म्हणालं, अंगावर चरबी आहे, नऊ दिवस निघतील. तरी माझ्या जिवाला चैन पडेना. चरबी म्हणजे कणगीतलं धान्य; मेंदूला रक्तातली साखर सतत, हातोहात लागते, आणि आईची गोळी तीच साखर खाली ओढते. शेळ्या गोळ्या घेत नाहीत. माझ्या मॉडेलात गोळीला जागाच नव्हती.

"डॉक्टरांना विचारून गोळी कमी कर, नाहीतर उपवास सोड," मी म्हणाले.

"डॉक्टरच म्हणलाय, गोळी चुकवायची न्हाई. अन् उपवासाचं त्याला कावून इचारू? त्याची देवी हाय का ती?"

दोन्हीकडे इमानदार! या बाईपुढे डोकं आपटून घ्यावं.

पाचव्या माळेला देवळात आरती चालली होती. आधी आईचे हात थरथरले, मग सगळं अंग. चोळी घामाने भिजली, नजर भलतीकडेच लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "आली! आली!" संबळ जोरात वाजू लागला. बायका पाया पडू लागल्या. माझ्या काकूने तिच्या कपाळभर कुंकू फासलं आणि हात जोडून विचारलं, "माय, माझ्या पोरीचं लगीन कवा जमंल?" आई काहीतरी पुटपुटली, आणि सगळ्यांनी उदो उदो केला.

मी तिचा हात धरला. गारठलेला, ओलाचिंब.

"तिची साखर उतरलीय! सरका!"

"गप गं! देवीच्या अंगाला हात लावू नको," काकूने मला मागे ओढलं.

मी काकूला ढकलून दिलं, भर देवळात. प्रसादाच्या ताटातली साखर ओल्या बोटांवर घेतली आणि आईच्या गालात चोळू लागले. तिने दात आवळून धरले. उपवास! शुद्ध हरपत होती, तरी बाई उपवास मोडायला तयार नव्हती. मी रडत होते, ओरडत होते, "मरशील गं आई, उघड तोंड, मरशील!"

हळूहळू थरथर कमी झाली. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला ओळखलं. "गेली," काकू हळहळली. संबळ थांबला. आम्ही तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, आणि रिकाम्या पोटी गोळी घेतल्याबद्दल डॉक्टर आम्हा सगळ्यांवर उखडले.

सकाळी ती उठून बसली. मला वाटलं, घाबरली असेल. मेंदूला साखर मिळाली नाही की अंग थरथरतं, घाम फुटतो, माणूस बरळतं, असं मी तिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझ्या आजीच्या अंगात येत व्हती," ती म्हणाली. "काकूच्या येती. मी लगीन होऊन आले तवापासून वाट बघायलेय. काल पहिल्यांदा समदं गाव माझ्या पाया पडलं."

तिचे डोळे भरून आले होते. माझेही, पण भीतीने.

"घरी गेलं की मी पुन्हा उपवास धरणार हाय," ती म्हणाली. "अन् आता तू साखर घिऊन मधी येऊ नको."