लोखंडाच्या बाटल्या

संगमनेरच्या कॉलेजात खिडकीपाशी माझ्या चोवीस बाटल्या असायच्या. आत सूक्ष्म शेवाळ. बारा बाटल्यांत साधं खाद्य, बारांत त्यावर लोखंडाचे नॅनोकण. डाळिंबाच्या साली उकळून त्या काढ्यात लोखंडाचा क्षार घातला की ते काळे कण तयार व्हायचे. त्यांनी शेवाळ जोमानं वाढतं का, एवढ्या एका प्रश्नावर माझी पीएचडी उभी होती.

साली आणून द्यायचे आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, मामा. ज्यूसच्या गाडीवरून पिशवी भरून आणायचे, वर चहाही पाजायचे. रविवारी किल्ली त्यांच्याकडे. माझ्या सख्ख्या मामावर नसेल एवढा विश्वास मी त्या माणसावर टाकला होता.

सुरुवातीला लोखंडाच्या बाटल्या पिवळ्या पडल्या. मी बेसिनपाशी उभी राहून रडले, ते मामांनी पाहिलं. मग मी कणांचं प्रमाण कमी केलं आणि बाटल्या अशा हिरव्यागार झाल्या की विचारू नका. दीड वर्ष आलेख चढताच होता. मी तर हवेतच होते. प्रबंध लिहायलाही घेतला.

कांदे काढायला मामांनी तीन आठवडे रजा टाकली आणि माझं लोखंड थंडावलं. चोवीसच्या चोवीस बाटल्या सारख्याच. कण तपासले, दिवे तपासले, पाणी बदललं. काही उपयोग नाही. मामा परत आल्यावर सहज म्हटलं, "मामा, तुम्ही गेलात आणि बाटल्या रुसल्या."

"रुसतीलच," ते म्हणाले. "दर रविवारी चिमूटभर युरिया टाकीत हुतो. पीक पिवळं पडलं की दुसरं काय करायचं, ताई?"

"सगळ्या बाटल्यांत?" मी विचारलं.

"न्हाई. फक्त लोखंडाच्या. त्याच वाढायला पायजे हुत्या ना तुमाला?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तेही मायेनं, त्यामुळे धड भांडताही येईना. तरी मी भांडले. वाट्टेल ते बोलले. दीड वर्ष हा माणूस रोज मला चहा देत होता, माझा चढता आलेख पाहून हसत होता, आणि मी मूर्खासारखी त्याला समजावून सांगत होते की बघा मामा, माझं लोखंड कसं काम करतंय. मला चीड आली होती, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

माझ्या गाइड मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी आलेखावर काट मारली. पहिल्यापासून सुरू कर म्हणाल्या.

चोवीसही बाटल्या मीच बेसिनमध्ये ओतून टाकल्या. मामा शेजारी उभे राहून एकेक विसळत होते. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. शेवटची बाटली पालथी घालताना त्यांनी हळूच विचारलं, "पर ताई, लोखंडानं खरंच वाढतं का वो?"

दोन वर्षं झाली होती, आणि मला माहीत नव्हतं.