कुत्रं ज्याच्या दारात बसलं

आमच्या गावात कुत्र्याचा मालक ठरवायची एक जुनी रीत होती. कुत्र्यानं कुणाचं नुकसान केलं आणि मालक कबूल होईना, तर ते कुत्रं धरून पारावर आणायचं आणि चार माणसांसमोर सोडायचं. कुणी हाक मारायची नाही, कुणी चुटकी वाजवायची नाही. सगळ्यांनी मागनं चालत जायचं. ते ज्याच्या दारात जाऊन बसेल, कुत्रं त्याचं आणि भरपाईही त्याची. मेंढराला मेंढरू. माझ्या बापाच्या वेळी हे झालेलं मी लहानपणी पाहिलंय. पुढं ते बंद पडलं. नव्वद सालानंतर चार-पाच वर्षांनी ती रीत परत उकरून काढली ती मीच.

आमचं गाव बेंगळूरजवळ, होसकोट्याच्या पलीकडं. आमची माणसं इथं मराठी फौजेच्या घोड्यांबरोबर आली म्हणतात. घोडी गेली, आम्ही राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मी तिसरीपर्यंत कन्नड शाळेत गेलो, मराठी अक्षरं बापानं राखेत बोट फिरवून शिकवली. तेवढ्यावर हे लिहितोय.

जमीन थोडी, मेंढ्या वीस-बावीस. माझं पोट मेंढ्यांवर. आमच्याकडं पीक निघालं की शेतकरी मेंढ्या बसवायला बोलावतात. रात्रभर मेंढ्या त्यांच्या रानात बसवायच्या, भोवती वाघर लावायची, म्हणजे दोरीची जाळी. लेंडी-मुताचं खत रानाला, आणि मेंढ्यावाल्याला त्या बदल्यात रागी, म्हणजे नाचणी. या रागीवर आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी वर्ष काढत होतो. मुलगा बेंगळूरात हेब्बाळला दोन खोल्यांत राहायचा. महिन्याला येऊन तेच बोलायचा, "अप्पा, मेंढ्या विका, तिकडं चला." मी म्हणायचो, "मेंढ्या आहेत तवर मी माझ्या घरात आहे. त्या गेल्या की ने मला गाठोड्यासारखा."

शेजारची जमीन एका पुण्याच्या माणसानं घेतली. कंप्यूटरच्या कामाला बेंगळूरला आलेला, राहायला जे. पी. नगरात. त्यानं चिकू लावले, एक लहान घर बांधलं, मोठं फाटक बसवलं आणि कुंपण अर्धंच घातलं. दर रविवारी गाडीनं यायचा. मराठी माणूस शेजारी आला म्हणून माझ्या बायकोनं पहिल्या दिवशी पुरणपोळ्या दिल्या होत्या. तो मला काका म्हणायचा. "काका, तुमचं मराठी किती क्यूट आहे हो," म्हणाला एकदा. मी म्हटलं, "आमचं मराठी जुनं आहे. तुमचं काल बसमधनं उतरलंय."

रविवारी तो पिशव्या भरून पाव आणायचा, हाडं आणायचा. आधी एक कुत्रं आलं, मग पाच झाली. त्यांचा पुढारी एक तांबडा, छातीवर पांढरा पट्टा. रविवारी त्यांची जत्रा. सोमवारी सकाळी गाडी शहरात, फाटकाला कुलूप, आणि पाच कुत्री पोट पाठीला लावून आमच्या रानातनं फिरायची.

पहिल्यांदा एक कोकरू गेलं. मला वाटलं कोल्हा. मग गावातल्या एका विधवा अक्काची शेळी गेली. तिच्याकडं दोनच होत्या. मग माझी पाळी. गावचा मुख्य गौडा, त्याच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. पहाटे तोंड धुवायला विहिरीवर गेलो, तेवढा वेळ. परत आलो तर वाघर फाटलेली, दोन मेंढ्यांची पोटं उघडी. तिसरी उभी होती. मांडी गेलेली, तरी उभी, आणि माझ्याकडं बघत होती. ते बघणं मी अजून विसरलो नाही. तांबडा मला बघून पळालासुद्धा नाही. तोंड चाटत बाजूला झाला आणि बसला. माझा कुत्रा असता तर आधी भुंकला असता, पण तो आदल्या वर्षी म्हातारा होऊन गेला होता.

रविवारी मी फाटकावर गेलो.

"तुमच्या कुत्र्यांनी माझ्या तीन मेंढ्या मारल्या."

"काका, आय ॲम सो सॉरी. पण ती माझी नाहीत हो. स्ट्रे आहेत. मी नुसतं फीड करतो."

"खायला कोण घालतो?"

"मी. पण ते भूतदया म्हणून."

"मग बांधा दयेनं."

"बांधायचं कसं? माझी असती तर बांधली असती ना." आणि हसला. वाईट हसला असं नाही, मुलाला समजवताना हसतात तसं. मला तेच लागलं.

गौडा म्हणाला, "अण्णा, पोलिसात लिहून द्या. स्वल्प वेळ लागेल, पण होईल काहीतरी." मी म्हटलं, "पोलीस कुत्र्याला विचारणार आहेत का, तुझा मालक कोण? पारावर सोडू. आपली रीत आहे." गौडा म्हणाला, "आता कोण करतंय ते?" मी म्हटलं, "मी करतोय. आणि रविवारीच. तो असताना." माझा हिशोब सरळ होता. रविवारचा पाव खाल्लेलं कुत्रं जाणार कुठं? त्याच्याच फाटकात.

शेजाऱ्यानं लगेच होकार दिला. "इंटरेस्टिंग आहे," म्हणाला. त्या दिवशी त्यानं कॅमेरासुद्धा आणला.

रविवारी दुपारी तांबड्याला वाघरीत धरून पारावर आणलं. निम्मं गाव जमलं. ती अक्का शेळीची तुटलेली दोरी घेऊन आली होती, जणू तोच पुरावा. शेजारी माझ्या बाजूला उभा राहिला, गळ्यात कॅमेरा. गौडा म्हणाला, "सोडा." सोडलं.

कुत्रं आधी अंग झाडत उभं राहिलं. मग रस्त्याला लागलं, मागनं आम्ही. ते गाडीवाटेनं शेजाऱ्याच्या फाटकाकडं वळलं तेव्हा माझी छाती फुगली. मी अक्काकडं बघितलं. फाटकापाशी ते थांबलं, कुलूप हुंगलं. शेजारी आमच्याबरोबर, म्हणून आत कुणी नव्हतं. कुत्र्यानं एकदा कान हलवले आणि पुढं निघालं. मेंढ्यांच्या वाड्याकडं जाईल असं वाटलं, तसं गेलं नाही. बोरीच्या कडेनं, आमच्या परसातनं, अगदी पायाखालची वाट असल्यासारखं ते चाललं आणि माझ्या उंबऱ्याशी जाऊन पुढच्या पायांवर डोकं ठेवून आडवं झालं.

दार उघडलं. बायको बाहेर आली, हातात ताटली, ताटलीत रागीचा गोळा. तिला बाहेर काय चाललंय ते माहीत नव्हतं. पारावरच्या गोष्टी मी घरात सांगत नसे, मेंढ्या कुठल्या कुत्र्यानं मारल्या तेही नाही. एवढी माणसं बघून तिनं पदर सावरला, पण ताटली तशीच खाली ठेवली. कुत्रं खाऊ लागलं.

मग ती म्हणाली, "भुकेलं असायचं. तुम्ही मेंढ्या घेऊन गेला की यायचं. आपला कुत्रा गेला तरी शेवटचा गोळा करायचा हात थांबला नाही माझा."

आमच्या घरात भांड्यातला शेवटचा गोळा कुत्र्याचा, हे माझ्या आईपासनं चालत आलेलं. मीही कधी विचारलं नाही की आता तो गोळा कोण खातं.

गावातला एक जण हळूच म्हणाला, "अण्णांनी वाघ पाळला." दोघं-तिघं हसले. शेजारी म्हणाला, "काका, म्हणजे टेक्निकली..." आणि थांबला. त्यालाच वाईट वाटलं असावं. गौडानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, "अण्णा, जुनी गोष्ट आहे, जाऊ दे. हसून घरी जाऊ."

तिथं मी हो म्हणायला हवं होतं असं मुलगा अजून म्हणतो. मला ते मान्य नाही. कुत्रं शेजाऱ्याच्या दारात बसलं असतं तर मी त्याला हसून जाऊ दिलं असतं का? मी म्हटलं, "रीत मी काढली. दार माझं आहे. कुत्रं माझं."

"अहो काका, असं नका करू. आपण शेअर करू ना."

"कुत्रं म्हणजे चिकूची फोड आहे का?"

त्याच संध्याकाळी अक्काला माझी एक चांगली मेंढी दिली. ती नको नको म्हणत होती, मी दोरी तिच्या हातात कोंबली. तांबड्याला साखळी आणली. त्याच्याबरोबरची एक कुत्री हाताला लागली, तिलाही बांधली. बाकी तीन हाती लागेनात. पण त्यांचे सोबती माझ्या खुंट्याला, म्हणून ती तिघं माझ्याच परसाभोवती फिरू लागली. आता पाचही माझी झाली होती.

दुसऱ्याच आठवड्यात गौडाचा निरोप आला, यंदा रानात मेंढ्या नकोत. मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. सगळ्यांचं एकच म्हणणं, "अण्णा, मेंढ्यांमागं तुमची कुत्री येतात. आमची वासरं आहेत." खोटं नव्हतं ते. मी दारोदार गेलो. उभ्या जन्मात कुणाच्या दारात मागायला गेलो नव्हतो, मेंढ्या बसवायला लोक माझ्याकडं यायचे. "सरी, बरं, बघू," म्हणायचे आणि आत जायचे. मेंढ्या घरच्याच वाड्यात राहिल्या. रागी आली नाही. कुत्र्यांच्या भुंकण्यानं मेंढ्या चरेनात, दोन गाभण होत्या त्या गाभडल्या. आणि एका पहाटे त्या मोकळ्या तिघांनी वाड्यात शिरून एडका फाडला. माझा एकच एडका होता. मी तिथंच मातीत बसलो. जायचं कुणाकडं? फाटक कुणाचं ठोठावायचं? नुकसान माझं आणि मालकही मीच.

उरलेल्या मेंढ्या होसकोट्याच्या बाजारात दिल्या. परत येताना हातात काठी होती आणि काठीनं हाकायला पुढं काही नव्हतं. काठी कशी धरायची ते मला चालताना कळेना.

मुलगा टेंपो घेऊन आला. भांडी चढली, गाद्या चढल्या. बायको पुढं बसली. मी तांबड्याची साखळी हातात घेऊन उभा.

"अप्पा, चला."

"यांचं काय?"

"सोडून द्या. होती तशी होतील."

"सोडली की कुणाची?"

"कुणाचीच नाहीत ती, अप्पा."

"शेजाऱ्यानंही हेच सांगितलं होतं मला."

मग आईकडं बघितलं त्यानं. ती म्हणाली, "मी नुसता एक गोळा घातला होता." हे ती मला म्हणाली की मुलाला, कळलं नाही. मी तिला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं की तुझं काही चुकलं नाही. टेंपो माझ्यावाचून गेला. तिचे गुडघे धरले होते, तिकडं दवाखाना जवळ, ते बरंच झालं असं मी स्वतःला सांगतो.

रविवारी शेजारी कुंपणापाशी आला, हातात पावाची पिशवी. त्यानं आता पुरतं कुंपण घालून घेतलं होतं. गाडीचा आवाज ऐकून तांबडा साखळी ताणून शेपटी हलवत होता.

"काका, घालू का त्यांना?"

"एकदा घातलं तर रोज घालायला या. सोमवारी पण."

तो पिशवी तशीच घेऊन आत गेला.

मी चूल पेटवली. रागीचं पीठ उकळत्या पाण्यात सोडून लाकडानं घोटायचं असतं, ते बायकोनं आयुष्यभर केलं, मी बघितलंही नव्हतं. माझ्या गोळ्यात गाठी राहतात, आत पीठ कच्चं राहतं. पहिला मी खातो, शेवटचा ताटलीत घालून खुंट्यापाशी ठेवतो. दूर बोरीखाली ती तिघं बसून असतात, आणि मी आत जायची वाट बघतात.