काटा पलीकडच्या काठावर

"चेअरमन मी, ऑफिस माझ्या काठावर आणि बोर्डावर नाव आमच्या सोसायटीचं. यातलं एक जरी कमी झालं तर मी उठलो," असं म्हणून मी खरंच उठलो. मत्स्य खात्याच्या साहेबांनी हात धरून खाली बसवलं. सकाळपासून मी दुसऱ्यांदा उठलो होतो.

आमच्या धरणावर मच्छीमारांच्या दोन सोसायट्या होत्या. पूर्व काठावर आम्ही भोई, पश्चिम काठावर धरणात जमिनी गेलेले आदिवासी. मासे धरायचा हक्क सरकार ठेक्याने देतं. साहेबांनी नाशिकला बोलावून बजावलं होतं, "एका धरणाला एकच सोसायटी. एक व्हा, नाहीतर लिलाव करतो. मालेगावचा ठेकेदार टपून बसलाय." ठेकेदार आला असता तर आम्ही आमच्याच पाण्यात मजूर झालो असतो.

विलीनीकरण म्हणजे एका सोसायटीची नोंदणी रद्द होते आणि तिची माणसं, होड्या, जाळी दुसरीत जातात. रद्द कोणाची व्हायची, यावरच सगळी मारामारी. मी चौथी शिकलेला. सायकलला पाटी बांधून सिन्नरच्या बाजारात मासळी विकली, त्यातून सोसायटी उभी केली. भाव करण्यात मला कोणी हरवलं नव्हतं.

पलीकडचा चेअरमन देवराम तंबाखू मळत बसला होता.

"देवराम, तुला काय पाहिजे ते बोल की!"

"खुर्ची तुमीच घ्या अण्णा. आमाला खुर्चीवर बसायची सवय नाय." लोक हसले. "फक्त काटा आमच्याकडं टांगू द्या."

काटा म्हणजे वजनकाटा. प्रत्येक सभासद आपली मासळी तिथं आणतो, व्यापाऱ्याचा टेम्पोही तिथंच लागतो. त्यांच्या काठाला डांबरी रस्ता होता. साहेब म्हणाले, "गरज पडली तर तुमच्याकडेही दुसरा काटा बघू." मी हो म्हणालो. त्यांची नोंदणी रद्द झाली. माझ्या गळ्यात हार पडले.

पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली आणि आमचे हाल सुरू झाले. त्या दिवसांत वारा पश्चिमेचा असतो. आमच्या लोकांना भरलेली होडी वाऱ्याच्या तोंडावर वल्हवत अख्खं धरण ओलांडावं लागे. पोचेपर्यंत माशाचे लाल कल्ले फिके पडत. व्यापारी कल्ला उघडून बघायचा आणि भाव पाडायचा. देवरामची माणसं पाण्यातून निघाली की काट्यापाशीच.

मी नाशिक गाठलं. "साहेब, दुसऱ्या काट्याचं काय?"

"दोन काटे म्हणजे पुन्हा दोन सोसायट्या. मग एक कशाला केल्या?"

"तुम्ही शब्द दिला होता!"

"गरज पडली तर, असं म्हणालो होतो. मासळी येतेय की काट्यावर."

मी टेबलावर हात आपटला. शिपायाने मला बाहेर नेलं.

मग आमची घरं एकेक करून पलीकडे झोपड्या टाकू लागली. देवरामने जागा दिली, बांबूही दिले. सगळ्यांत शेवटी माझा चुलतभाऊ सखाराम निघाला. मी त्याला वाटेत अडवलं, वाट्टेल ते बोललो. तो म्हणाला, "अण्णा, हात तुटत्यात रोज. वाऱ्याशी भाव करून देता का तुमी?"

पुढच्या वार्षिक सभेत ठराव आला, ऑफिस पश्चिम काठावर न्यावं. चेअरमन म्हणून तो मलाच मताला टाकावा लागला. सखारामचा हात पहिला वर गेला. देवराम म्हणाला, "चेअरमन तुमीच ऱ्हावा अण्णा. रोज होडी पाठवू तुमाला." सगळे हसले, आमचे जरा जास्तच. मी तिथल्या तिथे राजीनामा दिला.

ठेकेदार आला नाही. पाणी आमच्या लोकांकडे राहिलं. ते माझ्यामुळे राहिलं, असं कोणी म्हणत नाही. दोन सोसायट्या एक करायच्या असतील, तर मासळी कुठं मोजायची ते आधी ठरवा. खुर्चीचं नंतर बघा.

त्या बैठकीत सखाराम माझ्या शेजारीच बसला होता. रोज होडीत असणारा माणूस, वारा त्याला माहीत होता. तेव्हा गप्प का बसलास, म्हणून पुढं एकदा विचारलं.

"तुमी कुणाला बोलू देत होता का?" तो म्हणाला.

त्यानंतर मी त्याच्याशी बोललेलो नाही.