तळ न दिसलेली बाटली

तिला अख्खं हॉस्पिटल जंतूताई म्हणायचं. नाव ठेवलं होतं दादांनी, म्हणजे तिच्याही आधीपासून लॅबमध्ये असलेल्या टेक्निशियनने, आणि ते तिला इतकं चिकटलं की फोन उचलला की तीच म्हणायची, "जंतूताई बोलतेय." कामच तसं होतं. वॉर्डांतून रक्त, लघवी, पू, थुंकी यायची. ती ते प्लेटवर रेघोट्या ओढून पसरायची, उबेच्या पेटीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते बघायची. "शेतीच आहे ही," ती घरी सांगायची, "फक्त पीक आलं की वाईट वाटून घ्यायचं."

घरी म्हणजे नवरा, लेक छकुली आणि वन्सं. नवरा ट्रक चालवायचा, त्यामुळे तो घरात पाहुण्यासारखा. घर चालायचं ते वन्संवर. वन्सं ही तिची थोरली नणंद, लग्न मोडून परत आलेली, त्याच हॉस्पिटलात नवजात बाळांच्या वॉर्डात आया. लग्नानंतर जंतूताईचं शिक्षण अर्धवटच राहिलं असतं, पण वन्संनी तान्ह्या छकुलीला तिच्या हातातून ओढून घेतलं होतं. "पोर माझ्यावर टाक आणि नीघ. घरात एक तरी शिकलेलं माणूस असू दे, नाहीतर औषधाची चिठ्ठी वाचायलाही शेजारी जावं लागतं." छकुली चालायला शिकली ती आत्याच्या बोटाला धरून.

वॉर्डात वन्संना सगळे मावशी म्हणत. बाळांना अजून नावं नसायची, म्हणून त्या स्वतःच ठेवायच्या. सारखा जांभया देणारा तो जांभईदास. कपाळाला आठी घालून बघणारा तो हवालदार. दुधाला जरा उशीर झाला की वॉर्ड डोक्यावर घेणारी ती राणीसरकार.

जांभईदास गेला तेव्हा कुणी फारसं दचकलं नाही. दिवस भरायच्या आधीच आलेलं, ओंजळीएवढं बाळ. वन्सं घरी येऊन जेवल्या नाहीत, एवढंच. त्याच्या रक्तात जो जंतू वाढला तो जंतूताईने कळवला आणि प्लेट कपाटात ठेवून दिली. मग हवालदार तापला आणि त्याचं रक्त आलं. प्लेटचं झाकण उचलताच तिला तोच वास आला, पिकून फुटलेल्या द्राक्षांसारखा, गोडसर. प्लेटवर हिरवट झाक होती. स्यूडोमोनास. जिथे ओल तिथे याचं बिऱ्हाड: नळ, मोरी, ओला फडका, काहीही चालतं याला. धडधाकट माणसाला तो सहसा हात लावत नाही. ओंजळीएवढ्या बाळाला मात्र सोडत नाही.

तिने दोन्ही बाळांच्या जंतूंवर औषधांच्या चकत्या ठेवल्या. ज्या औषधाला जंतू घाबरतो त्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडतं. ज्याला जुमानत नाही त्याच्या चकतीच्या अगदी कडेपर्यंत तो चढून बसतो. दोन्ही प्लेटा शेजारी ठेवल्या तर वर्तुळं हुबेहूब सारखी होती. जुळ्यांचे फोटो पाहावेत तशी.

"एकाच झऱ्याचं पाणी आहे हे," ती विभागप्रमुख बाईंना म्हणाली. "वॉर्डातच कुठेतरी आहे."

"मग शोध," बाई म्हणाल्या. "तिसरं तापायच्या आत."

तिने निर्जंतुक कापूस लावलेल्या काड्या घेऊन वॉर्ड पिंजून काढला. नळाची तोंडं, मोरीची भोकं, बाळांच्या काचेच्या पेट्या, दुधाच्या वाट्या, सिस्टरांचे हात, डॉक्टरांचे हात. वन्संनी आपणहून दोन्ही तळवे पुढे केले. "घे, माझेही घे. नणंद म्हणून सवलत नको. पण काही सापडलं तर घरची भांडी आठवडाभर तुझ्याकडे."

काहीच सापडलं नाही. वन्संचे हात तर सगळ्यांत स्वच्छ निघाले. प्लेट कोरी करकरीत.

"आता काय राहिलं?" दादांनी विचारलं.

"नाळ पुसायच्या औषधाची बाटली तेवढी राहिली."

"जंतुनाशकात जंतू शोधतेस? उद्या साबणाला अंघोळ घालशील!" दादा हसले. तीही हसली, आणि बाटलीची गोष्ट तिथेच राहिली. हवालदार गेला. त्याच आठवड्यात राणीसरकारही गेली. तिच्या प्लेटवरही तीच वर्तुळं होती.

त्या संध्याकाळी ती घरी भांडी विसळत होती. भांडी घासायच्या साबणाची बाटली फुसफुसायला लागली होती. वन्संनी ती हातातून घेतली, नळाखाली धरली, थोडं पाणी घेतलं आणि वरून नव्या पाकिटातला साबण ओतला.

"संपू दे की वन्सं, मग नवीन भरू."

"संपू कशाला द्यायचं? तळाशी थोडं उरतंच, तेवढं वाया जातं. वॉर्डातली औषधाची बाटली बघ, मी एवढ्या वर्षांत एकदाही रिकामी होऊ दिली नाही. जरा खाली गेली की पाणी घालायचं, वर औषध ओतायचं. रिकामी दिसली की मेट्रन फाडून खाते. आणि स्टोअरमध्ये मागायला गेलं तर तो स्टोअरकीपर असा बघतो जणू त्याच्या तेराव्याचं सामान मागतेय."

"धुता कधी?"

"काय धुते?"

"बाटली."

वन्सं हसल्या. "औषधाची बाटली कशाला धुवायची? बयो, जंतू मारायचंच औषध ते!"

जंतूताईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. असंच काहीतरी तिने आधी ऐकलं होतं, दादांच्या तोंडून. आणि ती हसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आधी वॉर्डात गेली. ट्रॉलीवर ती मोठी तपकिरी बाटली उभी होती, नेहमीसारखी गळ्यापर्यंत भरलेली. याच बाटलीतल्या औषधात भिजवलेल्या कापसाने प्रत्येक बाळाची नाळ पुसली जायची, सुई टोचण्याआधीची कातडी पुसली जायची. तिने बाटली खिडकीशी नेऊन उजेडात धरली आणि तिरकी केली. तळाशी बुळबुळीत पापुद्रा हलला. वर्षानुवर्षं पाण्याने पातळ होत गेलेलं औषध, आणि त्याच्याच पोटात सवयीने निबर झालेले जंतू. वर ओतलेलं नवं औषध त्यांचं काही वाकडं करू शकत नव्हतं.

तिने सिस्टरला सीलबंद बाटली फोडायला लावली आणि जुनी घेऊन ती बाहेरच्या मोरीशी आली. मोरीशी कुणी नव्हतं. एक हात नळावर गेला. ओतून द्यायची, खसखसून घासायची, उपडी घालायची. झरा आटेल. बाळं वाचतील. वन्संना कधीच काही कळणार नाही, कुणालाच कळणार नाही. या बाईने आपल्या पोरीला चालायला शिकवलं.

मग तिला भाजलेल्या रुग्णांचा वॉर्ड आठवला. ऑपरेशनचा वॉर्ड आठवला. तिथेही ट्रॉल्या होत्या, अशाच तपकिरी बाटल्या होत्या, आणि रिकाम्या दिसल्या की ओरडणारी मेट्रनही तीच होती. त्यांचाही तळ कुणी पाहिला नसणार. तिने नळावरचा हात काढला.

औषधाचा असर मोडणाऱ्या द्रवात तिने त्या बाटलीतले, आणि इतर वॉर्डांतल्या बाटल्यांतलेही, थेंब घातले, मग प्लेटवर पसरले. दुसऱ्या दिवशी झाकण उचललं, आणि द्राक्षं. तीच वर्तुळं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. इतर वॉर्डांतल्या बाटल्यांपैकी दोन बाटल्यांतही पीक उभं होतं.

बाईंच्या केबिनमध्ये मेट्रनने पहिला प्रश्न विचारला, "नवजात वॉर्डात बाटली कोण भरतं?"

"माझी नणंद."

"निष्काळजी बाई! काढूनच टाकलं पाहिजे."

"बाटली रिकामी दिसली की बोलणी तुम्हीच ऐकवायचात," जंतूताई म्हणाली. "आणि ती धुवायची असते हे तिला कुणीच सांगितलं नाही. मीही नाही."

बाईंनी हात वर करून दोघींना गप्प केलं. बाटल्या रोज ओतून, धुऊन, उकळून भरायच्या, सगळ्याच वॉर्डांत, असं ठरलं. वन्संना धुलाईखात्यात पाठवायचं ठरलं. मेट्रन गेल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "तू सांगशील की मी सांगू?"

"मीच सांगते. घरचं माणूस आहे."

वन्सं मागच्या पायऱ्यांवर डबा उघडून बसल्या होत्या. जंतूताई शेजारी बसली आणि सांगायला लागली. झऱ्याचं, बाटलीचं, तळाचं. वन्संनी हातातला घास परत डब्यात ठेवला. मग डब्याचं झाकण लावलं.

"जांभईदास?"

"हो."

"हवालदारही?"

"हो, वन्सं."

"राणी?" त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. "तिला तर ताप होता म्हणून मी जास्तच पुसायचे. म्हटलं, स्वच्छ राहू दे."

खाली आवारात कुणीतरी स्कूटर चालू करायला किका मारत होतं.

"आणि मुठीवाली?" आदल्या दिवसापासून तापलेली, कुणाचंही बोट मुठीतून न सोडणारी ती पोर.

"ती आहे. कुठलं औषध चालेल ते चकत्यांवरून कळलंय, तेच सुरू केलंय. ताप उतरतोय."

वन्संनी मान हलवली, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आपले तळवे उलटसुलट करून त्या बघत राहिल्या. "हे स्वच्छ होते ना? तूच तपासले होतेस."

"अगदी स्वच्छ होते, वन्सं. तुमच्याइतके कुणाचेच नव्हते."

"मग स्वच्छ हातांनीच झालं."

जंतूताईने डबा उचलून वन्संच्या पिशवीत ठेवला. वन्सं म्हणाल्या, "तुला ती बाटली गुपचूप ओतून टाकता आली असती."

"आली असती."

"बरं केलंस, नाही ओतलीस." हे त्या समोरच्या भिंतीकडे बघून बोलल्या. मग उठल्या, आणि घरी एकट्याच चालत गेल्या.

जंतूताई घरी पोचली तेव्हा मोरीच्या कठड्यावर साबणाची बाटली धुऊन उपडी घातलेली होती. छकुली कंगवा घेऊन आत्यासमोर उभी होती. "आत्या, वेणी घाल ना."

वन्संनी दोन्ही हात पदराखाली घेतले होते. "आज आईकडून घालून घे."

"आई घट्ट घालते. दुखतं."

"तिला सांग, सैल घाल म्हणून."

जंतूताईने कंगवा घेतला. जमेल तितक्या हलक्या हाताने तिने पेड घातले. वन्सं बघत होत्या, मध्येच त्यांचे खांदे पुढे यायचे आणि परत मागे जायचे. वेणी झाली. पोरीने ती चाचपून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"आत्यासारखी नाही झाली."